शेवटच्या घराची एकवीस मिनिटं

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिला तास झाला. झाला म्हणायचं इतकंच.

वेळापत्रकात विषयाचं नाव भारदस्त आहे: प्रगत सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, पदव्युत्तर वर्ग. हा विषय शिकवणारा तरुण सर जानेवारीत अल्माटीला निघून गेला. विभागप्रमुख नाझगुल मला म्हणाली, "एसेनगुल-बायके, तुम्ही वीस वर्षं बँकेचे संगणक सांभाळलेत, तुमच्याशिवाय कोण घेणार?" बायके म्हणजे थोरले दादा; एवढं ऐकलं आणि माझी मान आपोआप हलली. घरी येऊन बायकोला, सैराकानला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला कुणी बायके म्हटलं की तू विहिरीतसुद्धा उतरशील."

चौसष्ट पानांचं सादरीकरण केलं होतं. सात विद्यार्थी. विसाव्या पानावर इल्गिज उघड उघड जांभया द्यायला लागला. चाळिसाव्या पानावर बेगायिमने हात वर केला. ही मुलगी रोज सकाळी बिश्केकच्या एका कंपनीचं काम करून मग वर्गात येते. तिने 'अगाई', म्हणजे गुरुजी, अशी हाक मारली.

"अगाई, हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते कधी शिकवणार?"

मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात."

पुस्तकात काय नाही, हे मला अजून माहीत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस विचार केला. बँकेत मी खरंच काय करायचो? नवीन प्रोग्रॅम लिहिण्यात वीसपैकी दोन वर्षं गेली असतील. उरलेली अठरा गेली दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यात, ते का चालतंय हे शोधण्यात, आणि न मोडता त्याला हात लावण्यात. कुणीतरी लिहून निघून गेलेलं असतं. विचारायला माणूस नसतो.

हे पुस्तकात नाही. निदान मी वाचलेल्या पुस्तकात तरी नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात म्हणालो, "मला एक जुना, चालू आणि कुणालाही न कळणारा प्रोग्रॅम आणून द्या. या सत्रात आपण तो समजून घेऊ, दुरुस्त करू आणि परत चालू करू. परीक्षा तीच."

मग मागच्या बाकावरून सिमिक बोलला. सिमिक म्हणजे दारात वाकून आत येणारा दांडगा मुलगा, सहा महिन्यांत दोनच वाक्यं बोलला म्हणे. आज पाच बोलला.

"अगाई, आमच्या गावी आहे. कुम-अरिकला. माझे काका काद्यर तिथले पाटकरी आहेत. पाण्याच्या पाळ्या एका प्रोग्रॅमवर निघतात. तो कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नाही."

इल्गिज म्हणाला, "आणि चुकला तर?"

"तर लोक फावडी घेऊन काकांच्या दारात येतात."

सगळे हसले, पण मी पाहिलं, सातही जण ताठ बसले होते. आज कुणी जांभई दिली नाही.

४ मार्च, सोमवार

प्रोग्रॅम आला. काद्यर-बायकेंनी अख्खा संगणकच घोंगडीत गुंडाळून मिनीबसमधून पाठवला. सोबत बरणीभर कायमाक, म्हणजे दाट साय, आणि निरोप: "एप्रिलच्या शेवटी पाणी सुटेल. तोवर जिवंत परत पाठवा."

काम साधं आहे. कुम-अरिकच्या कालव्यावर त्रेचाळीस घरं. दर दहा दिवसांनी एक आवर्तन. ज्याची जितकी जमीन, तितकी मिनिटं त्याच्या पाळीची. वरच्या घरापासून सुरुवात, टोकाच्या घरापाशी शेवट. बस.

पण लिहिलंय कसं! कुठे एक ओळ खुलासा नाही. आणि नावं? जमिनीला 'काश्का', मिनिटांना 'तोरू', उरलेल्या वेळेला 'जोर्गो'. सगळी घोड्यांची नावं. कपाळावर पांढरा पट्टा असलेला काश्का, तांबडा तोरू, दुडक्या चालीचा जोर्गो. मी फळ्यावर लिहून दाखवलं आणि पोट धरून हसलो.

"हा कोण शूर वीर आहे? हा प्रोग्रॅम लिहीत होता की कळप राखत होता?"

सिमिक म्हणाला, "घोडेवाल्याचा मुलगा असेल, अगाई."

"अरे, मीसुद्धा घोडेवाल्याचाच मुलगा. म्हणून काय बँकेच्या खात्यांना घोड्यांची नावं देत होतो?"

वर्ग हसला. शिकवणं म्हणजे काय, ते आज थोडं थोडं कळायला लागलंय.

एक नियम घालून दिला: एकमेकांचं काम तपासताना कोडला बोलायचं, माणसाला नाही. बेगायिमने तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, चौकट काढली आणि 'पुसू नये' असंही लिहिलं.

१३ मार्च, बुधवार

चूक सापडली! बेगायिमने शोधली.

मुलांनी मिळून शंभरभर टेस्ट लिहिल्या. प्रत्येक टेस्ट प्रोग्रॅमला एक प्रश्न विचारते आणि उत्तर बरोबर आहे का ते पाहते. मिनिटभराचा फरक सोडला तर बेचाळीस घरांची उत्तरं बरोबर येतात. शेवटचं घर प्रत्येक वेळी चुकतं.

दोन तास डोकं खाजवल्यावर इल्गिजला उजेड पडला. कुणाच्या वाट्याला साडेएकतीस मिनिटं आली, तर हा लेखकमहाशय त्याला बत्तीस देतो. अपूर्णांक दिसला की वर ओढतो. कुणाला कमी पडू नये, म्हणून. किती उदार! पण आवर्तनातला एकूण वेळ तर ठरलेला. मग सगळ्यांना वाढवून दिलेलं हे अर्धं अर्धं मिनिट कुठून येतं? शेवटच्या घराच्या पाळीतून. दर आवर्तनाला एकवीस मिनिटं.

"त्या घरात कोण राहतं?" मी विचारलं.

"सालकिन-अपा," सिमिक म्हणाला. "एकट्याच असतात. सत्तरी ओलांडली."

मला इतका राग आला की खडू मोडला. म्हणालो, "बघा! बेचाळीस जणांसमोर दानशूर आणि रांगेतल्या शेवटच्या बाईच्या पाण्याचा चोर. असली माणसं मी बँकेत पुष्कळ पाहिलीत. हुशार असतात, पण शेवटी कोण उभं आहे ते वळून बघत नाहीत."

बेगायिमने फळ्याच्या कोपऱ्यातल्या नियमाकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "या माणसाला सवलत नाही."

२१ मार्च, गुरुवार

नूरुझ, वसंतातलं नवं वर्ष. सुट्टी. सैराकानने मोड आलेल्या गव्हाचा सुमोलोक शेजारच्या बायकांबरोबर ढवळला, मला लांबूनच वास घ्यायला लावला. मुलगी आयजान बिश्केकहून आली होती. जेवताना मी त्या घोडेवाल्या लेखकाची नक्कल करून दाखवली. आयजान हसून हसून बेजार. सैराकान चहा ओतता ओतता थांबली.

"कसली नावं म्हणालास?"

"काश्का, तोरू, जोर्गो."

"आपला पहिला फ्रिज आठवतो? त्याला तू काश्काच म्हणायचास."

"त्याच्या दारावर पांढरा पट्टा होता म्हणून."

"हं," ती म्हणाली आणि आयजानकडे बघून चहा पुढे केला. दोघी कशाला हसत होत्या कोण जाणे. बायकांचं आपलं काहीतरी चालू असतं.

३ एप्रिल, बुधवार

आज काहीतरी विचित्र झालं.

सिमिकने काकांच्या कपाटातून जुन्या फ्लॉपींचा खोका आणला. इल्गिजने त्या वाचणारं जुनाट यंत्र बाजारातून मिळवलं. मला नाझगुलने मध्येच बैठकीला बोलावलं. अर्ध्या तासाने परतलो, तर सातही जण एका पडद्यावर वाकलेले. मला पाहताच इल्गिजने झटकन खिडकी बंद केली. बेगायिमचे कान लाल.

"काय निघालं?"

"काही नाही अगाई. सर्वांत जुनी प्रत आहे. नव्व्याण्णवच्या आधीची."

"कुणाचं नाव?"

सिमिक खोकला. इल्गिज म्हणाला, "नाव... तसं पुसट आहे."

फ्लॉपीतलं नाव पुसट कसं होईल? पण मी विषय वाढवला नाही. काहीतरी नको ते चित्र सापडलं असणार. तरुण मुलं आहेत.

८ एप्रिल, सोमवार

मुलं मऊ पडली आहेत. मी त्या लेखकाबद्दल काही म्हटलं की त्याची बाजू घेतात.

बेगायिम: "अगाई, त्या वेळी तो तरुण असेल."

इल्गिज: "हो ना. आणि भुकेला. सत्त्याण्णव साली कोण पोटभर जेवत होतं?"

मी म्हणालो, "मीही त्याच काळातला आहे. मी काम करायचो ती संस्था बंद पडली, तेव्हा दिवसा बाजारात मोजे विकायचो आणि गेन्नादी नावाचा दलाल आणेल ते कोडचं काम करायचो. कुठलं काम कुठे जायचं, तेसुद्धा कळायचं नाही. म्हणून मी लोकांचं पाणी चोरलं का?"

अख्खा वर्ग वह्यांत बघायला लागला. सिमिकने तर डोकं बाकावर टेकलं, त्याचे खांदे हलत होते. त्याला बरं नसावं. मी त्याला घरी जायला सांगितलं, तर सगळेच खोकायला लागले. वसंतात साथ असतेच.

१५ एप्रिल, सोमवार

मन खट्टू आहे.

पुढच्या महिन्यात विभागाचा वसंत मेळावा आहे. सगळे प्राध्यापक असतात, बाहेरचे पाहुणेही येतात. मी ठरवलं की तिथे हा प्रोग्रॅम 'कसं लिहू नये' याचा नमुना म्हणून मोठ्या पडद्यावर दाखवायचा. मला वाटलं, वर्गाला आनंद होईल. झालं भलतंच.

बेगायिम उभी राहिली. "अगाई, कृपा करून हे करू नका."

"का?"

"नियम तुमचाच आहे. कोडला बोला, माणसाला नाही."

"पण तो माणूस कोण, हे तरी कुणाला माहीत आहे?"

सातही जण वह्या आवरायला लागले. तास संपल्यावर बेगायिम परत आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही नाही दाखवलंत तर बरं होईल. तुमच्यासाठीच म्हणतेय."

म्हणजे माझं शिकवणं हास्यास्पद होईल असं तिला वाटतंय. किंवा मी चुकीचं शिकवतोय. पहिल्या महिन्यात ही मुलं चूक दिसली की तुटून पडायची. आता चुकीला पांघरूण घालतात. मी त्यांना कडक करायला आलो होतो आणि बिघडवून ठेवलं की काय? नाझगुलला सांगावं का, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघ म्हणून?

मेळाव्याचं अजून ठरवलेलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

हे लिहितोय आणि हसू आवरत नाहीये.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्या प्रोग्रॅमचे कागद पसरून बसलो होतो, मेळाव्यासाठी खुणा करत. सैराकान तळलेल्या बोरसोकचं ताट ठेवायला जागा शोधत होती. एक कागद उचलून तिने डोळ्यांपासून लांब धरला.

"अरे, तू खरंच विचारतोयस की इतके दिवस थट्टा करतोयस?"

"काय?"

"हा तुझा आहे."

"काय माझा आहे?"

"हा. प्रोग्रॅम. कोळशाचा. माझ्या बहिणीच्या घरी बसून लिहायचास, आयजान पोटात होती तेव्हा. मला बटणांचा आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून खाली उशी घालून टाईप करायचास. गेन्नादीने त्याबद्दल दोन पोती कोळसा दिला होता."

मी म्हणालो, शक्य नाही. ती म्हणाली, "जोर्गो म्हणजे उरलेलं. का, तर जोर्गो नेहमी कळपाच्या मागे राहायचा. तुझ्या वडिलांचा घोडा. हे तूच मला सांगितलं होतंस."

आणि मग एखादं दार उघडावं तसं सगळं आठवलं. ती थंडी. मेहुणीच्या घरातली ती खिडकी, आतून बर्फ धरलेली. कोळसा वाटायचा होता घरोघर. कुणाला कमी पडू नये म्हणून मी अपूर्णांक वर ओढला, कारण यादीतलं शेवटचं नाव कुणा घराचं नव्हतंच! शेवटचं नाव होतं कोठाराचं. वाढीव कोळसा कोठारातून जायचा. कुणाचंच नुकसान नव्हतं. तो प्रोग्रॅम बरोबर होता!

मग गेन्नादीने किंवा आणखी कुणी तोच उचलून पाण्याला लावला. कोठाराच्या जागी सालकिन-अपा आली. आणि 'शेवटचं नाव कोठाराचं आहे' ही एक ओळ मी कुठेही लिहून ठेवली नव्हती. एक ओळ! सव्वीस वर्षं!

"आता काय करणार?" सैराकानने विचारलं.

"मुलांना सांगणार."

"ते पडतील हसून."

"पडू देत."

ती बोरसोक खात म्हणाली, "मला वाटतं त्यांना माहीत आहे." मी म्हणालो, "छे, त्यांना कसं कळेल?"

२२ एप्रिल, सोमवार

त्यांना माहीत होतं.

मी फळ्यासमोर उभा राहिलो, घसा साफ केला, म्हणालो, "या प्रोग्रॅमचा लेखक सापडला आहे. तो मी आहे."

मग इल्गिज म्हणाला, "अगाई, आम्हाला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"तीन एप्रिल. फ्लॉपीवर अख्खं नाव होतं. वडिलांचंही होतं. वर तुमच्या त्या बंद पडलेल्या संस्थेचा पत्ता."

"आणि तुम्ही तीन आठवडे..."

सिमिक म्हणाला, "तुम्ही 'म्हणून मी लोकांचं पाणी चोरलं का' म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं मी मरतो."

मग जे हसू फुटलं, ते शेजारच्या वर्गातून माणूस बघायला येईपर्यंत थांबलं नाही. मीही हसलो. डोळे पुसत बाकावर बसलो, त्यांच्यातच, इल्गिजच्या शेजारी.

"मला सांगितलं का नाही?"

बेगायिम म्हणाली, "कसं सांगणार? तुम्ही त्याला इतकं बोलला होतात. आम्हाला वाटलं, तुम्ही आधी त्याच्याशी जरा गोड व्हावं, मग सांगावं. पण तुम्ही होईचनात. मग तुम्ही मेळाव्याचं काढलंत. तेव्हा माझी झोपच उडाली, अगाई."

कोडला बोला, माणसाला नाही, हे मी सात आठवड्यांत शिकवू शकलो नाही, ते त्यांनी तीन आठवडे माझ्यावर करून दाखवलं. कोठाराची गोष्ट सांगितली. मी टिपून घ्या म्हणायच्या आत सातही पेनं चालू झाली. चौसष्ट पानांत एकदाही चालली नव्हती.

इल्गिजने तिथल्या तिथे आकडेमोड केली. दर आवर्तनाला एकवीस मिनिटं, वर्षाला अठरा आवर्तनं, सव्वीस वर्षं. जवळजवळ सात दिवस आणि सात रात्रींचं पाणी.

हसू तिथे थांबलं.

"मला तिच्याकडे जायला हवं," मी म्हणालो.

"आपल्याला," सिमिक म्हणाला.

११ मे, शनिवार

कुम-अरिकला जाऊन आलो. आठ जण, एक मिनीबस. इल्गिजने वाटेत सगळ्यांना गार शेवयांचं आशल्यानफू खाऊ घातलं आणि माझ्या वाटीत तिखट जास्त घातलं, धीर येतो म्हणून.

काद्यर-बायके पाटाच्या दारावरच भेटले. रबरी बूट, खांद्यावर फावडं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं लोक माझ्या नावाने शिव्या घालत होते, त्या तुमच्या होत्या?"

"हो."

"मग घ्या, तुम्हीच धरा." आणि फावडं माझ्या हातात दिलं. मग एवढे हसले की बूट घसरून एक पाय पाटात गेला.

सालकिन-अपाचं घर कालव्याच्या अगदी टोकाला. पुढे नुसता दगडगोटा आणि खाली सरोवर. अपा ओट्यावर बसून लोकर पिंजत होती. मी सैराकानने बांधून दिलेली साखर आणि चहा पुढे ठेवला, टोपी काढली आणि कोळशापासून सगळं सांगितलं. मुलं मागे शाळेच्या रांगेसारखी उभी. सात दिवस सात रात्रींचा आकडाही सांगितला. लपवलं काही नाही.

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तूच का तो?"

"मीच, अपा."

"मला वाटलं होतं सरकारचा कुणी असेल. बारीक डोळ्यांचा. तू तर बरा दिसतोस." मग तिने लोकर बाजूला ठेवली. "ये इकडे."

घरामागे नेलं. मी आधी बटाट्याची शेतं पाहत आलो होतो. सगळ्यांचे बटाटे, चारा, बटाटे. इथे मात्र जर्दाळूची बाग. दीडशे झाडं असतील, फुलं गळून बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं धरलेली.

"पहिली तीन वर्षं माझे बटाटे वाळले," अपा म्हणाली. "काद्यरच्या बापाशी भांडले. तो म्हणाला, कागदावर तुझं पाणी पुरं आहे. मी म्हटलं, कागद पितो का बटाटे? मग माझा नवरा गेला, भांडायला दम उरला नाही. जर्दाळू लावले. त्यांना कमी पाणी चालतं. अरे, चालतं काय, मानवतं! वरच्या घरांनी माझं पाहून लावले, त्यांचे पाण्याने फुगतात आणि फुटतात. माझे बघ. दरवर्षी ओश-जलालाबादचे व्यापारी इथवर येतात. तीन मुलं शिकली यावर."

बेगायिमने कपाळावर हात मारला. माझ्याही लक्षात आलं काय होतंय ते.

"अपा," मी म्हणालो, "तरी पण ते पाणी तुमचं आहे. आम्ही दुरुस्ती केलीय. पुढच्या आवर्तनापासून एकवीस मिनिटं जास्त..."

"खबरदार!"

इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या उडाल्या.

"माझी बाग कुजवायला आलास का? आधी सव्वीस वर्षं न विचारता घेतलंस, आता न विचारता देतोयस!"

मागून इल्गिज पुटपुटला, "अगाई, हेसुद्धा पुस्तकात नाही."

शेवटी ओट्यावर बसून, बोरसोक आणि गेल्या वर्षीचे सुकवलेले जर्दाळू खात बोलणी झाली. यावेळी मी बोललो नाही. वह्या काढून मुलांनी विचारलं आणि अपाने सांगितलं. पाणी तिचंच राहणार, तिच्याच नावावर लिहायचं. पण ती एकवीस मिनिटं तिच्या शेताच्या अलीकडे वळवायची, गावच्या शाळेकडे. शाळेच्या आवारात एक झाड नाही. पोरं उन्हात उभी राहतात.

"आणि लिहून ठेवा," अपा म्हणाली. "का दिलं ते. पुन्हा कुणी माझ्या नातवाला विचारायला यायला नको."

परतताना मिनीबसमध्ये तीन तट पडले, शाळेला चव्वेचाळिसावं घर धरायचं की नाही यावर. दीड तास भांडले. मी खिडकीशी बसून ऐकत होतो. इतकं सुंदर भांडण मी बँकेत वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

१६ मे, गुरुवार

मेळावा झाला. प्रोग्रॅम दाखवलाच, पण मथळा बदलला आणि लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं. नाझगुल म्हणाली, "बायके, विभागाची अब्रू..." मग कोठाराची गोष्ट ऐकून तीही हसली. पुढच्या वर्षी या विषयाला एकवीस अर्ज आलेत म्हणे. मी आकडा पुन्हा विचारून घेतला.

२५ मे, शनिवार

आज कुम-अरिकला नव्या प्रोग्रॅमवरचं पहिलं आवर्तन संपलं, आणि शाळेला पहिलं पाणी मिळालं.

जुना संगणक शेजारी चालूच ठेवला होता. काही बिघडलं, तर काद्यर-बायके मागच्या मागे जुन्यावर जातील. हे बेगायिमने त्यांना इतक्या वेळा समजावलं की शेवटी ते म्हणाले, "मुली, मी बापाच्या वेळेपासून, पंचेचाळीस वर्षं दारं धरतोय, मला माघार कशी घ्यायची ते येतं."

नऊ दिवस सगळं सुरळीत. फावडी घेऊन कुणी आलं नाही. एक जण आला होता, पण त्याचं पाणी त्याच्याच मेहुण्याने वळवलेलं निघालं.

दुपारी शाळेच्या आवारात आम्ही सगळे उभे होतो. परवा गावकऱ्यांनी बारा रोपं लावली होती, सुरूसारख्या सरळ उंच वाढणाऱ्या पॉपलरची. शाळेतली झाडून सगळी पोरं नव्या चारीच्या कडेला बसलेली. काद्यर-बायकेंनी वरून फोन केला, "सोडलं!" आम्ही वाट पाहत राहिलो. कोरड्या चारीत आधी काही दिसेना. मग पालापाचोळा, काड्या, एक प्लॅस्टिकची चप्पल आणि त्यांच्यामागे गढूळ, हळू, कुत्र्यासारखं हुंगत हुंगत पाणी आलं. पोरांनी जी आरोळी ठोकली, ती सरोवरापार गेली असेल. सिमिक बुटांसकट चारीत उतरला. इल्गिज त्याच्यामागे. मी बूट आणि टोपी काठावर ठेवून उतरलो. पाणी बर्फाचंच होतं, पायांची जाणीवच गेली.

बेगायिम मात्र कडेला, फोनवर वेळ लावून, पलीकडे काद्यर-बायके. "अठरा... एकोणीस... काका, तयार राहा... वीस..."

"एकवीस! बंद!"

तेवढ्यात सिमिकच्या खिशात फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन वर धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. टोकाच्या घरातून सालकिन-अपा ओरडत होती.

"बंद करू नका रे! मला इथवर पोरांचा आवाज येतोय. आज माझ्या पाळीतली मिनिटं घ्या, हवी तेवढी. खेळू दे त्यांना. मोजणी पुढच्या खेपेपासून!"

पोरांना काय, एवढंच हवं होतं. बेगायिम चारीच्या कडेला हातात फोन घेऊन तशीच उभी. बिचारीच्या चेहऱ्यावर शंभर टेस्ट एकदम नापास झाल्याचा भाव.

"अगाई, आणि हे? हे आता कुठे लिहायचं?"

मी गुडघाभर पाण्यात होतो. म्हणालो, "हे कुठेच नाही लिहायचं. बूट काढ आणि उतर."

तिने फोन माझ्या टोपीत ठेवला आणि उतरली.